पटवण्यापासून पटण्यापर्यंत : विक्री-समाप्तीची तंत्रे आणि आजचा ग्राहक (जोतिबा डोंगर व कोल्हापूरच्या बाजारपेठेच्या संदर्भात)

प्रस्तावना

वाणिज्य शाखेत विक्रयकला हा विषय शिकविताना विक्री-प्रक्रियेच्या पायऱ्या फळ्यावर लिहून दिल्या जातात. संभाव्य ग्राहकाचा शोध, पूर्वतयारी, प्रत्यक्ष भेट, वस्तूचे सादरीकरण, शंकांचे निरसन, विक्रीची समाप्ती आणि विक्रीपश्चात सेवा असा तो क्रम होय. यांपैकी समाप्ती, म्हणजे व्यवस्थापनाच्या परिभाषेत ज्याला 'क्लोजिंग' म्हणतात, ती पायरी परीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाची मानली जाते. 'विक्री-समाप्तीची तंत्रे स्पष्ट करा' या प्रश्नाला विद्यार्थी पाच तंत्रे लिहितो, प्रत्येकी एक उदाहरण देतो आणि गुण मिळवितो. हाच विद्यार्थी रविवारी वडिलांच्या दुकानात बसतो, तेव्हा त्या पाचांपैकी एकही तंत्र त्याच्या उपयोगी पडत नाही. किंबहुना एखादे वापरून पाहिले तर गिऱ्हाईक हसते आणि पुढच्या दुकानात जाते. हा अनुभव विद्यार्थ्यांच्या तोंडून वारंवार ऐकावयास मिळाल्यामुळे प्रस्तुत लेखाचा विषय सुचला.

हा सर्वेक्षणावर आधारलेला शोधनिबंध नव्हे. जोतिबा डोंगर आणि कोल्हापूर शहर येथील बाजाराचे वर्षानुवर्षे केलेले निरीक्षण, त्याला उपलब्ध माहितीची व कायद्यांची जोड, असे या लेखाचे स्वरूप आहे. ग्राहक बदलला हे सर्वच सांगतात. त्या बदलाने सौदा पुरा होण्याची जागा नेमकी कोठे सरकली, हे तपासण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

'पटणे' या क्रियापदाविषयी

इंग्रजीत सौदा 'बंद' केला जातो. मराठीत तो 'पटतो'. हा फरक केवळ शब्दाचा नाही. बंद करणारा विक्रेता असतो, पटतो मात्र दोघांमध्ये. शिवाय आपल्याकडे विचार पटतो, माणसे एकमेकांशी पटवून घेतात आणि भावही पटतो. त्याच धातूपासून 'पटवणे' हे प्रयोजक रूप येते आणि तेथे अर्थाला थोडा निराळा वास लागतो. 'त्याने मला पटवले' या वाक्यात समजावणे जसे आहे, तसे गोड बोलून गळी उतरविणेही आहे. पाठ्यपुस्तकांतील समाप्तीची तंत्रे ही बहुतांशी पटवण्याची तंत्रे आहेत. आजच्या ग्राहकाला पटवून घ्यावयाचे नसते, त्याला पटावे लागते. पुढील विवेचनात हा भेद डोळ्यांसमोर ठेवला आहे.

फडक्याखालची बोटे

भाव ठरविण्याच्या जुन्या पद्धतींमध्ये 'हत्ता' पद्धत प्रसिद्ध आहे. विकणारा आणि घेणारा (किंवा त्यांच्या वतीने दलाल) उपरण्याखाली अथवा टॉवेलखाली हात घालत. बोटांच्या खुणांनी आकडे सांगितले जात. आजूबाजूला उभ्या असलेल्या माणसांना भाव कळत नसे. सौदा पटला की टाळी वाजे आणि विसार हातावर ठेवला जाई. जनावरांच्या बाजारात ही रीत दीर्घकाळ टिकून राहिली. शेतमालाच्या बाजारातही ती होती आणि तेथे तिचा तोटा मुख्यतः शेतकऱ्याला सोसावा लागे, कारण फडक्याखाली काय चालले आहे हे मालाच्या धन्यालाच ठाऊक नसे. अडत्या आणि खरेदीदार एकमेकांचे रोजचे, शेतकरी मात्र हंगामाचा.

या गुप्ततेला आळा घालण्याची सुरुवात महाराष्ट्राच्याच भूमीवर झाली, ही गोष्ट वाणिज्याच्या वर्गात सांगण्याजोगी आहे. वऱ्हाडातील कारंजा येथे १८८६ मध्ये देशातील पहिली नियंत्रित बाजारपेठ अस्तित्वात आली. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. १९२८ च्या शाही कृषी आयोगाने नियंत्रित बाजारांची शिफारस केली आणि पुढे राज्याचा कृषी उत्पन्न पणन कायदा १९६३ साली आला. उघड लिलाव हा या व्यवस्थेचा गाभा होय. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी ही व्यापारपेठ वसविली आणि गुळाच्या व्यापाराला स्थिर जागा मिळाली. आज मार्केट यार्डात गुळाचे सौदे उघड बोलीने होतात. १९३० च्या वस्तुविक्री कायद्यानुसार लिलावातील विक्री हातोडा पडताच, किंवा रूढ असलेल्या अन्य रीतीने, पूर्ण होते. म्हणजे येथे समाप्ती आहे, परंतु समाप्तीचे तंत्र नाही. भाव सर्वांसमोर चढतो आणि थांबतो. कोणी कोणाला पटवत नाही.

लिलावाचा हा दाखला प्रारंभीच देण्याचे कारण असे, की माहिती उघड झाली म्हणजे विक्रेत्याच्या शेवटच्या वाक्याचे वजन घटते, हे तत्त्व भ्रमणध्वनीच्या कितीतरी आधी याच मातीत सिद्ध झाले होते.

पाठ्यपुस्तकातील तंत्रे कोठून आली?

आपण शिकवतो ती तंत्रे प्रामुख्याने अमेरिकेतील आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नॅशनल कॅश रजिस्टर या कंपनीच्या जॉन पॅटर्सन यांनी विक्रेत्यांसाठी पाठ करावयाची संभाषणे तयार करवून घेतली. ग्राहक काय बोलेल आणि त्यावर काय उत्तर द्यावे, हे आधीच छापलेले असे. तेथून समाप्तीची तंत्रे नावानिशी रूढ होत गेली. ग्राहकाने होकार दिलाच आहे असे गृहीत धरून पावती लिहावयास घेणे, 'निळे देऊ की हिरवे' असे विचारून 'घ्यायचे की नाही' हा प्रश्नच टाळणे, 'शेवटचा नग उरला आहे' असे सांगून घाई करणे, आणि फायदे-तोटे दोन रकान्यांत मांडून दाखविणे ही त्यांपैकी प्रमुख होत. रकान्यांच्या पद्धतीला बेंजामिन फ्रँकलिन यांचे नाव चिकटले आहे. फ्रँकलिन यांनी १७७२ मध्ये जोसेफ प्रीस्टली यांना पत्राने ही रीत कळविली होती, ती मात्र स्वतःचा निर्णय स्वतः घेण्यासाठी. ग्राहकासमोर बसून त्याच्या वतीने फायद्यांचा रकाना लांबविणे हा नंतरच्या विक्रेत्यांचा शोध.

या तंत्रांची कसून तपासणी नील रॅकहॅम यांनी केली. सुमारे बारा वर्षांच्या अवधीत ३५,००० विक्री-भेटींचा अभ्यास त्यांच्या संस्थेने केला आणि १९८८ मध्ये तो पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. त्यांना आढळले, की किरकोळ किमतीच्या वस्तूंत समाप्तीची तंत्रे थोडीफार उपयोगी पडतात, परंतु मोठ्या किमतीच्या व्यवहारात ती जितकी अधिक वापरावीत तितकी विक्री होण्याची शक्यता कमी होते. दबाव जाणवला की ग्राहक मागे सरतो. हा निष्कर्ष प्रसिद्ध होऊन साडेतीन दशकांहून अधिक काळ लोटला, तरी आपल्या अनेक क्रमिक पुस्तकांत तो पोहोचलेला नाही, याची खंत वाटते.

डोंगरावरील बाजार

कोल्हापूरच्या वायव्येस सुमारे सतरा-अठरा किलोमीटरवर, पन्हाळा तालुक्यातील वाडी रत्नागिरी येथे जोतिबाचे देवस्थान आहे. सध्याचे मुख्य मंदिर १७३० मध्ये राणोजी शिंदे यांनी बांधविले. महाराष्ट्र आणि कर्नाटकातील असंख्य घराण्यांचे हे कुलदैवत. रविवार हा देवाचा वार. चैत्र पौर्णिमेला सासनकाठ्यांसह मोठी यात्रा भरते आणि 'चांगभलं'च्या गजरात गुलाल-खोबऱ्याची उधळण होते. सारा डोंगर गुलाबी होतो, असे जे म्हणतात त्यात अतिशयोक्ती नाही. घरी परतलेल्या माणसाचे कपडे तीन धुण्यांपर्यंत त्याची साक्ष देतात.

मंदिराकडे उतरणाऱ्या पायऱ्यांच्या दुतर्फा दुकाने आहेत. गुलाल, खोबऱ्याच्या वाट्या, नारळ, दवणा, कापूर, ऊद, पेढे, बत्तासे, तसबिरी, बांगड्या, खेळणी असा माल असतो. बहुतेक वस्तू सगळीकडे सारख्याच. पन्नास पावलांत तोच गुलाल, तोच नारळ आणि तोच पेढा दहा ठिकाणी मिळतो. मालात फरक नसला की विक्री सर्वस्वी विक्रेत्याच्या बोलण्यावर येऊन ठेपते. म्हणून समाप्तीच्या तंत्रांच्या अभ्यासाला तीर्थक्षेत्राच्या बाजारासारखे दुसरे क्षेत्र नाही.

येथे तीन प्रकारचे गिऱ्हाईक येते आणि त्या प्रत्येकाशी सौदा निराळ्या ठिकाणी पटतो.

पहिले खेट्यांचे. माघापासून पाच रविवार जोतिबाचे खेटे घालण्याची प्रथा कोल्हापूर परिसरात आहे. पंचगंगा घाटावरून, वडणगे-कुशिरे मार्गाने भाविक चालत डोंगर चढतात. हा माणूस पुन्हा पुढच्या रविवारी येणार असतो. त्याला आज पाच रुपये जास्त लावले तर उरलेले चार रविवार तो समोरच्या दुकानात दिसेल. त्यामुळे त्याच्याशी भावाची चर्चाच होत नाही. तो थांबतो, नेहमीचे म्हणतो आणि पुडा घेऊन खाली उतरतो. ओळखीच्या दुकानात पिशवी ठेवणे, परतताना पाणी पिणे, 'गेल्या रविवारी आला नाहीत' असा प्रश्न ऐकणे, या साऱ्यात विक्री कधीच पुरी झालेली असते. व्यवस्थापनशास्त्र ज्याला ग्राहक-संबंध व्यवस्थापन म्हणते, त्याचे हे वही-पेन्सिलीविना चाललेले रूप होय.

दुसरे गिऱ्हाईक कुलाचाराचे. ते वर्षातून एकदा, बहुधा चैत्रात किंवा घरच्या लग्नानंतर येते. त्याचे आजोबाही याच पायऱ्या उतरले असतात. पुजाऱ्याचे घर ठरलेले, आणि पुष्कळदा दुकानही. येथे सौदा एका पिढीने पटवलेला असतो आणि पुढची पिढी तो चालविते. अलीकडे मात्र या साखळीतील कड्या निखळताना दिसतात. पुण्या-मुंबईत वाढलेल्या नातवाला दुकानाचे नाव ठाऊक नसते. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी साथीमुळे चैत्र यात्रा नेहमीप्रमाणे भरू शकली नाही. यात्रेच्या हंगामावर वर्षाचे गणित बसविणाऱ्यांना त्याचा जो फटका बसला तो पैशाचा होताच, पण आजोबांनी नातवाला दुकान दाखविण्याची दोन वर्षेही त्यात गेली. २०२२ साली यात्रा पुन्हा भरली, तेव्हा ती ओळख सर्वांनाच जशीच्या तशी परत मिळाली असे नाही.

तिसरे गिऱ्हाईक मोटारीने येणारे. सकाळी अंबाबाई, दुपारी जोतिबा, संध्याकाळी पन्हाळा असा त्याचा बेत असतो. ते पुन्हा येईल याची खात्री नाही आणि दुकानदार त्याला ओळखत नाही. जुनी पटवण्याची तंत्रे उभी होती ती याच गिऱ्हाइकाच्या आधारावर. आज सर्वाधिक बदलले आहे तेही हेच.

चप्पल आणि उपकार

देशातील बहुतेक तीर्थक्षेत्री दिसणारा एक प्रकार येथे नोंदविला पाहिजे. 'चप्पल इथे ठेवा, पैसे नाहीत' असे दुकानदार सांगतो. आपण चप्पल काढतो. तोवर तबक तयार होऊन हातात आलेले असते. चप्पल त्याच्या ताब्यात, तबक आपल्या हातात आणि देव समोर. नाही म्हणण्याची जागाच उरत नाही. रॉबर्ट चाल्डिनी यांनी १९८४ च्या त्यांच्या ग्रंथात परतफेडीचे तत्त्व मांडले आहे. कोणी लहानसा उपकार केला की माणसाला त्याचे ओझे वाटते आणि तो मोठ्या परतफेडीला तयार होतो, हे त्याचे सार. आपल्या दुकानदारांनी हे तत्त्व वाचलेले नाही. ते त्यांना येते.

काही वर्षांपूर्वी एका दूरच्या तीर्थक्षेत्री (त्याचे नाव येथे अप्रस्तुत आहे) प्रस्तुत लेखकाच्या आईला असेच तबक हातात देण्यात आले. किंमत परतताना सांगण्यात आली. ती ऐकून आई काही बोलली नाही. देवाच्या दारात वाद नको म्हणून तिने पैसे दिले. परंतु त्या गावी पुन्हा जाण्याचा विषय निघाला की ती देवाविषयी न बोलता त्या तबकाविषयी बोलते. विक्री पुरी झाली, ग्राहक मात्र कायमचा गेला. हिशेबाच्या वहीत हा तोटा कधीच दिसत नाही.

श्रद्धेच्या बाजारात आणखी एक हत्यार असते. 'रिकाम्या हाताने देवाकडे जाऊ नये', 'इतक्या लांबून आलात आणि एवढ्यावरच?' ही वाक्ये वस्तूच्या गुणांविषयी काहीच सांगत नाहीत. ती ग्राहकाला त्याच्या सोबतच्या माणसांसमोर ओशाळे करतात. कुटुंबातील वृद्ध बरोबर असतील तर ती हमखास लागू पडतात. हे कौशल्य म्हणावे की अपराध, असा प्रश्न वर्गात विचारला असता विद्यार्थ्यांत नेहमी दोन तट पडतात. दुकानदारांची मुले बहुधा पहिल्या तटात असतात आणि त्यांचा युक्तिवादही ऐकून घेण्यासारखा असतो. यात्रेचे दिवस थोडे, जागेचे भाडे वर्षाचे, आणि दवणा संध्याकाळपर्यंत कोमेजतो. ज्याचा माल उद्या विकता येत नाही त्याची घाई ढोंगी नसते.

खिशातील यंत्र

मोटारीने येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या खिशात आता भ्रमणध्वनी आहे. त्याने काय बदलले हे नीट पाहिले पाहिजे, कारण 'तंत्रज्ञानामुळे ग्राहक जागरूक झाला' या विधानाने काहीच स्पष्ट होत नाही.

पहिली गोष्ट, हरकतींची यादी बदलली. पूर्वी ग्राहकाजवळ सुटण्याचे दोन सभ्य मार्ग होते : 'पैसे आणले नाहीत' आणि 'घरी विचारून सांगतो'. विक्रेत्याची अर्धी शक्ती या दोन वाक्यांना उत्तर शोधण्यात जाई. २०१६ मध्ये यूपीआय सुरू झाली आणि त्याच वर्षी नोटाबंदीही झाली. त्यानंतरच्या काही वर्षांत पहिली सबब संपली. सुट्या पैशांवरून होणारी ओढाताणही उरली नाही. दुसऱ्या सबबीचे जे झाले ते अधिक मनोरंजक आहे. कोल्हापूर शहरातील चप्पल लाईनमध्ये एखाद्या दुकानात अर्धा तास उभे राहावे. गिऱ्हाईक चप्पल पायात घालते, तिचा फोटो काढते आणि तो घरच्या गटावर पाठविते, किंवा सरळ दृश्य-संवाद लावून पाय पडद्यापुढे धरते. 'घरी विचारणे' दुकानातच होते. निर्णय देणारी व्यक्ती समोर नसून सांगलीत किंवा सिंगापुरात असते, आणि विक्रेत्याचे पाठ केलेले वाक्य तिच्यापर्यंत पोहोचत नाही. तेथे पोहोचतो तो चपलेचा अंगठा, वेणी, शिलाई आणि तळ. चतुर दुकानदार म्हणूनच आता बोलत नाही. तो चप्पल उलटी करून उजेडात धरतो.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील चार व कर्नाटकातील चार जिल्ह्यांचा त्यात समावेश आहे. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा या कंपनीने मिलानमधील प्रदर्शनात याच धाटणीच्या चपला उगमाचा उल्लेख न करता मांडल्या आणि त्यावर मोठी टीका झाली. त्या वादानंतर ग्राहक दुकानात येऊन 'हे खरे कातडे का, कोठे केले, कोणी केले' असे विचारू लागला तर नवल नाही. या प्रश्नांना उत्तर देता येणे हीच त्या दुकानातील समाप्ती आहे. ज्याच्याजवळ उत्तर नाही त्याला 'शेवटचा जोड' सांगून भागत नाही.

दुसरी गोष्ट, भाव ठरला की लगेच पैसे जातात आणि दुकानातील साउंडबॉक्स रक्कम मोठ्याने सांगतो. हत्ता पद्धतीत टाळी वाजे तसेच हे. फरक इतकाच, की त्या टाळीला आकडा नव्हता. आता शेजारी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकालाही कळते, की पुढच्या माणसाने त्याच पुड्याचे किती दिले. एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरा भाव लावणे दुकानदाराला अवघड झाले. फडके कायद्याने जेथून काढता आले नव्हते तेथून ते एका डबीने काढले, असे म्हणता येईल. चैत्रातील गर्दीत नेटवर्क कोलमडते तेव्हा मात्र रोख, घासाघीस आणि 'भवानीची वेळ आहे' हे सारे काही तासांसाठी परत येते.

तिसरी गोष्ट वस्तुपरत्वे निराळी आहे. वेष्टनबंद वस्तूंवर कमाल किरकोळ किंमत छापलेली असते, त्यामुळे अगरबत्तीच्या पुड्यावर वाद होत नाही. नारळ, दवणा, सुटा गुलाल यांवर छापील किंमत नसते. पटवण्याची कला आता या सुट्या वस्तूंपुरती आकसली आहे.

गुजरीतील सोने

मोठ्या किमतीच्या खरेदीत काय झाले हे पाहण्यासाठी डोंगर उतरून कोल्हापूरच्या गुजरीत यावे लागते. कोल्हापुरी साज घेणे ही एका बैठकीची गोष्ट पूर्वी नव्हती आणि आजही नाही. जुन्या काळी सौदा पटे तो सराफाच्या पिढीजात नावावर. सोन्याची शुद्धता ग्राहकाला तपासता येत नसे. सराफ सांगेल ते कसाचे. विश्वास हेच एकमेव प्रमाणपत्र होते आणि तो ठेवण्यावाचून गत्यंतरही नव्हते.

१६ जून २०२१ पासून देशातील २५६ जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरांच्या विशिष्ट क्रमांकाविना हॉलमार्कचे दागिने विकण्यास बंदी आली. भारतीय मानक ब्युरोच्या उपयोजकात हा क्रमांक घालून ग्राहक दागिन्याची नोंद स्वतः पाहू शकतो. दिवसाचा दरही त्याला घरून निघतानाच ठाऊक असतो. म्हणजे दर आणि शुद्धता या दोन्ही बाबी दुकानात शिरण्यापूर्वीच मिटल्या. बोलणे उरते ते घडणावळीवर आणि जुने सोने देताना धरावयाच्या घटीवर. सराफाचे कौशल्य त्यामुळे संपले नाही, ते दुसरीकडे वळले. घडणावळ इतकी का, हे सांगण्यासाठी साजातील पानांचे काम, मण्यांची गुंफण, कारागिराचा वेळ हे ग्राहकाला दाखवावे लागते. पूर्वी जे झाकून ठेवण्यात फायदा होता, ते उघडून दाखविण्यात आता फायदा आहे. रॅकहॅम यांचा निष्कर्ष येथे तंतोतंत लागू पडतो. सोन्याच्या पेढीवर घाई करणारा नोकर ठेवणे पेढीला परवडत नाही.

या संदर्भात ग्राहक चळवळीचे स्मरण करणे योग्य ठरेल. बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे कार्य सुरू झाले, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. कुटुंबांनी गट करून एकत्रित मागणी नोंदवावयाची आणि माल वाटून घ्यावयाचा, ही तिची वितरणाची रीत. तेथे विक्रेताच नाही, मग समाप्ती कोठली? पन्हाळा तालुक्यातच वारणानगरच्या सहकारी वारणा बाजाराने ठरलेल्या किमतीच्या खरेदीची सवय ग्रामीण कुटुंबांना लावली. आजचा ग्राहक एका यंत्राने घडविला, असे मानणे म्हणजे या संस्थांच्या अनेक दशकांच्या कामावर अन्याय होईल.

तंत्रे गेली कोठे?

येथवरच्या विवेचनावरून असे वाटेल, की पटवण्याची तंत्रे लयाला चालली आहेत. वस्तुस्थिती तशी नाही. ती दुकानाच्या फळीवरून उठली आणि पडद्यावर जाऊन बसली. 'फक्त दोन नग शिल्लक', 'अजून सतरा जण हीच वस्तू पाहत आहेत', उलटे धावणारे घड्याळ, 'नको, मला बचत करायची नाही' असा ओशाळवाणा नकार-पर्याय, शेवटच्या पायरीला वाढणारी किंमत, न सांगता टोपलीत टाकलेला विमा, ही सारी आपल्या पायऱ्यांवरच्या दुकानदाराचीच वाक्ये आहेत. फरक आहे तो असा, की दवणेवालीचा दवणा खरोखर कोमेजतो, पडद्यावरचा शेवटचा नग पुष्कळदा शेवटचा नसतो. आणि दुकानदाराच्या चेहऱ्याकडे पाहून तो खोटे बोलतो आहे काय, याचा अंदाज घेता येतो. पडद्याला चेहरा नाही.

कायद्याने या बदलाची दखल घेतली आहे. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून अंमलात आला. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनी ग्राहकाची संमती आधीच खूण केलेल्या चौकटीने गृहीत धरण्यास मनाई केली. पाठ्यपुस्तकातील 'होकार गृहीत धरण्याचे' तंत्र ते हेच. पुढे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या रचनांविषयी, ज्यांना 'डार्क पॅटर्न्स' म्हणतात, मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यांत अशा तेरा प्रकारांची नोंद असून खोटी घाई आणि नकार देणाऱ्याला लाजविणे हे दोन्ही त्यांत आहेत. आपण ज्यांवर पाच-पाच गुण देतो, त्यांपैकी काही तंत्रे पडद्यावर वापरली असता अनुचित व्यापारी प्रथा ठरू शकतात, ही बाब अध्यापकांनी गांभीर्याने घेतली पाहिजे.

श्रद्धेचा व्यापारही पडद्यावर गेला. जानेवारी २०२४ मध्ये अयोध्येतील राममंदिराचा प्रसाद असल्याचे भासवून मिठाई विकली जात असल्याच्या तक्रारीवरून याच प्राधिकरणाने अॅमेझॉनला नोटीस बजावली होती. पायरीवर पेढे विकणाऱ्याला 'हा देवाचा प्रसाद' असे म्हणण्यापूर्वी निदान समोरच्या भाविकाच्या नजरेला नजर द्यावी लागते.

वर्गात काय बदलावे?

काही सहकाऱ्यांचे म्हणणे असे, की समाप्ती हा घटक अभ्यासक्रमातून वगळावा. प्रस्तुत लेखकाला ते मान्य नाही. सौदा पटण्याचा क्षण आजही येतो आणि त्या क्षणी गप्प राहणारा विक्रेताही ग्राहक गमावतो. दहा दुकानांत तोच नारळ पाहून गोंधळलेल्या माणसाला 'हे घ्या, देवापुढे वाढवायला हा पुरे' असे कोणीतरी सांगावे लागते. नको असलेले गळ्यात मारणे आणि हवे असलेले ठरविण्यास हात देणे या दोन क्रिया बाहेरून सारख्या दिसतात, म्हणूनच त्या शिकविल्या पाहिजेत. मात्र प्रश्नपत्रिकेतील प्रश्न बदलावयास हवा. 'तंत्रे स्पष्ट करा' ऐवजी एखादा प्रत्यक्ष प्रसंग द्यावा आणि ग्राहकाला त्या वेळी काय ठाऊक होते, काय ठाऊक नव्हते आणि विक्रेत्याने त्या अज्ञानाचे काय केले, हे लिहावयास सांगावे.

गेल्या माघात तृतीय वर्षाच्या काही विद्यार्थ्यांना खेट्यांच्या रविवारी डोंगरावर नेले होते. प्रत्येकाने एकेका दुकानाशेजारी तासभर उभे राहून गिऱ्हाईक कोणत्या वाक्यावर थांबते आणि कोणत्या वाक्यावर पुढे जाते, हे टिपावयाचे होते. एका विद्यार्थिनीची वही जवळजवळ कोरी आली. कारण विचारता ती म्हणाली, की सर, ती मावशी काही बोलतच नव्हती. पाटीवर भाव लिहिला होता, येणारा नारळ वाजवून बघायचा आणि पैसे देऊन जायचा. शेजारच्या दुकानात मोठ्याने हाका चालल्या होत्या. त्या तासाभरात जास्त नारळ कोणाचे खपले, असे विचारल्यावर तिने वहीचे शेवटचे पान उघडले. तेथे तिने रेघा मारून ठेवल्या होत्या, आणि मावशीच्या बाजूच्या रेघांना दुसरी ओळ लागली होती.